फोटोतला तिसरा हात

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कमलाबाई तांबे राहतात. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या, तिथूनच रिटायर झाल्या. निम्म्या चाळीला जन्मल्याबरोबर आपणच उचललं असं त्या सांगतात. त्यामुळे कोणाच्या घरात शिरताना दार वाजवायची पद्धत त्यांना ठाऊक नाही. नवरा शामराव गिरणीत होते. ते कमी बोलतात, कारण बोलायचं बरंचसं काम कमलाबाई उरकून टाकतात.

त्यांचा एकुलता एक मुलगा धम्मपाल एसी आणि फ्रिज दुरुस्त करायचा. तो परदेशी गेला. देशाचं नाव कमलाबाई घेत नसत, ‘तिकडे’ म्हणत, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. तिकडे वर्षातले निम्मे महिने बर्फ असतो. बाहेर ठेवलं की सगळं आपोआप गार होतं, मग फ्रिजवाल्याला कशाला बोलावलं, हे कमलाबाईंना अजूनही कळलेलं नाही. पण धम्मपालने काही वर्षं वर्क परमिटवर काढली, इंग्रजीची परीक्षा दिली. वयाचे, भाषेचे, अनुभवाचे पॉइंट जमले आणि त्याला कायम राहायची परवानगी मिळाली. कमलाबाईंनी ‘मुलगा पास झाला’ म्हणून चाळीत पेढे वाटले.

मग लग्न. मुलगी नायगावची, दीपिका, परळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. धम्मपाल तीन आठवड्यांच्या रजेवर आला. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये लग्न लागलं, दोघं गावी जाऊन आले, महाबळेश्वरला जाऊन आले, आणि तो परत गेला. आता बायकोला तिकडे न्यायचं, तर कायम राहणाऱ्याची बायको म्हणून तिचा अर्ज करायचा. दादरला जगदीश नावाचा एक कन्सल्टंट होता, त्याने सगळे कागद जोडून पाठवले.

काही महिन्यांनी तिकडून उत्तर आलं, की हे लग्न खरं असल्याबद्दल अधिकाऱ्यांना शंका आहे.

शंका फोटोंवरून आली होती. लग्नाच्या फोटोत होम नाही, फेरे नाहीत. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे, चेहरे गंभीर. आपल्यात असंच लागतं लग्न, हे तिकडच्या माणसाला कोण सांगणार? तेही एक वेळ चाललं असतं. पण महाबळेश्वरच्या फोटोंत दोघांच्या मधोमध एक बाई उभी होती. पॉइंटवर, बोटीत, मक्याचं कणीस खाताना, सगळीकडे. ही स्त्री कोण, असं पत्रात स्पष्ट विचारलं होतं.

जगदीशने ते वाचून दाखवलं तेव्हा कमलाबाई अर्थातच हजर होत्या. त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. पोरगा इतक्या वर्षांनी आलेला, त्याला एकट्याला डोंगरावर कसा सोडणार, असं त्यांचं म्हणणं. शामरावही गेले होते, पण फोटो तेच काढत असल्यामुळे अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटले.

जगदीशने उपाय काढला. लग्नाचं सगळं समजावणारं विहाराचं पत्र जोडायचं, आणि फोटोंतून मावशींना, म्हणजे कमलाबाईंना, कापायचं. कॉम्प्युटरवर त्याने एकेका फोटोतून कमलाबाईंना काढून टाकलं आणि धम्मपाल-दीपिकाला जवळ सरकवलं. कमलाबाई शेजारी बसून स्वतःला नाहीसं होताना बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, ‘‘त्या बोटीतल्यात माझी साडी छान आली होती रे.’’

एका फोटोत मात्र त्यांचा हात धम्मपालच्या खांद्यावर, मानेला लागून होता. हात कापला तर त्याचा कानही जात होता. जगदीशने तो तसाच ठेवला. कोण बघतंय, म्हणाला.

तिकडे बघत होते. पुढचं पत्र आलं, त्यात विचारलं होतं की दीपिकाचे दोन्ही हात समोर दिसतात, धम्मपालचे दोन्ही खिशात आहेत, तर त्याच्या खांद्यावर हा तिसरा हात कोणाचा. फोटोंत फेरफार झाल्याचं दिसतं, सबब मुलाखत होईल.

त्या दिवसापासून कमलाबाईंचं जेवण कमी झालं. आपल्यामुळे पोरांचा संसार अडला, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्या गॅलरीत गप्प बसू लागल्या. चाळीने त्यांना कधी गप्प बघितलं नव्हतं, त्यामुळे लोक येऊन तब्येत विचारून जायचे.

मुलाखत व्हिडिओवर झाली, जगदीशच्या ऑफिसात. दीपिका आत, कमलाबाई दाराबाहेर खुर्चीत. अधिकारी इंग्रजीत विचारायचा आणि एक दुभाषी त्याचं मराठी करायचा. हा दुभाषी कुठल्या शाळेत शिकला होता देव जाणे.

‘‘आपले यजमान शय्येच्या कोणत्या बाजूस निद्रा घेतात?’’ त्याने विचारलं.

दीपिकाला वाटलं, पूजेबद्दल काहीतरी आहे. दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. तिने खरं ते सांगितलं. पलंग नाही. तो गॅलरीत झोपायचा, चपलांच्या रॅकशेजारी. सासरे खोलीत, आणि ती सासूबाईंबरोबर मोरीकडच्या बाजूला. दुभाषी थोडा थांबला, मग त्याने ते इंग्रजीत घातलं.

मग अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्यात शेवटचं भांडण कधी झालं?

‘‘काल,’’ दीपिका म्हणाली, आणि सुरू झाली. कुकरची रिंग कुठे ठेवली हे त्याला तिकडून कसं माहीत असणार, पण तो सांगत होता की फडताळात आहे, आणि नव्हती. वर म्हणतो, तुला वस्तू सापडत नाहीत. लग्नाआधी तर कुकर कसा लावतात हेही त्याला माहीत नव्हतं. बोलता बोलता तिचा आवाज चढला. दुभाषी मागे पडला, त्याचं जड मराठी सुटलं आणि तो ‘हो ना, हो ना’ करू लागला.

तेवढ्यात दार उघडलं. न वाजवता. कमलाबाई आत आल्या आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. बांगड्या मागे सारून त्यांनी उजवा हात पुढे धरला. मनगटावर स्टोव्हने भाजल्याचा जुना डाग होता, फोटोतल्या हातावर होता तसाच.

‘‘हा बघा हात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा आहे. पोरं खरी आहेत, मीच मध्ये येते.’’

दुभाष्याने याचं इंग्रजी हळू आवाजात केलं. अधिकाऱ्याने फोटो उचलून कॅमेऱ्याजवळ धरला, हात बघितला, फोटो बघितला. मग त्याने विचारलं, की दीपिका तिकडे आल्यावर या बाईही येणार आहेत का? दीपिका म्हणाली, नाही. त्याने काहीतरी लिहून घेतलं.

पावसाळा संपता संपता मंजुरी आली. कमलाबाईंची खुशी दोन-तीन दिवस टिकली. सिद्ध करायच्या नादात त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, की सिद्ध झालं की दीपिका जाणार. बॅग भरताना त्या एकसारख्या काहीतरी आणून टाकायच्या आणि दीपिका ते गुपचूप काढून ठेवायची. विमानतळावर दोघी रडल्या नाहीत. टॅक्सीत बसल्यावर शामराव रडले.

गेल्या वर्षी धम्मपालने फोनवर सांगितलं, आईवडिलांनाही कायमचं नेता येतं. पण त्यासाठी नाव द्यायचं आणि चिठ्ठीत निघायची वाट बघायची. निघेल किंवा नाही निघणार. कमलाबाईंनी शामरावांकडे बघितलं. गिरणी कामगारांच्या घराच्या सोडतीत शामरावांचं नाव अजून निघायचं आहे.

‘‘त्याला सांग,’’ शामराव म्हणाले, ‘‘एका वेळी एकच लॉटरी.’’

कमलाबाईंनी तसंच सांगितलं आणि खाली पाणी आलं होतं म्हणून फोन ठेवला.