ताटं उचलायची डिग्री

हरसूलहून नाशिकची एसटी हलली तेव्हा आई खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवून गाडीबरोबर चालत होती. "आत्याकडं नीट राहा. सारखी उठबस करू नको, अभ्यासाला बसत जा," एवढंच म्हणाली. गाडीने वेग घेतला आणि तिचा हात सुटला. माझ्या शेजारी आप्पा सरळ समोर बघत बसले होते. त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. मुलगी बीबीए करणार आणि ऑफिसात बसणार.

'बसणार' या शब्दावर त्यांचा भर असायचा. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, जन्मभर गावातल्या मोठ्या घरांची अंगणं झाडली, कार्य असलं की पंगतीची उष्टी काढली. आम्ही बौद्ध. त्या घरांत तिला पाणी द्यायचे ते वरून, ओंजळीत ओतून. आप्पांनी हे लहानपणी तिच्या पदराला धरून पाहिलेलं. खुर्चीत बसून केलेल्या कामाला आमच्या घरी किती मान होता, हे त्याशिवाय कळणार नाही.

इंदिरानगरात आत्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. ती महापालिकेत क्लार्क. तिने मला एक कपाट रिकामं करून दिलं, चावी दिली आणि दार कायम लावून घ्यायला शिकवलं. हरसूलला भरदिवसा दार लावलं तर शेजारी विचारायला येतात, कोण आजारी आहे का म्हणून. इथे मी आठवडाभर त्या बंद दाराकडेच बघत होते.

बीबीएत वाईट काहीच नव्हतं. अकाउंट्स, मॅनेजमेंटची तत्त्वं, प्रेझेंटेशन. मार्कही बरे पडत होते. पण तास संपेपर्यंत बाकाखाली माझा पाय हलत राहायचा. शेजारची मुलगी वैतागून माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची, तेवढ्यापुरता थांबायचा.

त्याच कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स होता. त्यांच्या मुलांना सरावासाठी पाहुणे लागायचे, म्हणून एकदा आमच्या वर्गाला जेवायला बोलावलं. काळा कोट घातलेली, माझ्याच वयाची एक मुलगी आमच्या टेबलाला होती. ती घाबरली होती. एका टेबलाला सूप दोनदा गेलं, आमच्याकडे आलंच नाही, कोपऱ्यातले लोक जेवून तसेच बसलेले. मी न राहवून उठले. "आधी कोपऱ्यातलं टेबल मोकळं कर, मग त्या टेबलाला जास्तीचं गेलेलं सूप इकडे आण," असं तिला हळूच सांगितलं. तिने ऐकलं, आणि बघता बघता सगळं मार्गी लागलं. त्यांच्या सरांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या वर्षाला?" बीबीएला म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "मग बसा, पाहुण्या आहात." मी बसले. पण नाशिकला आल्यापासून पहिल्यांदाच माझा पाय शांत होता.

कोर्स बदलायचा हे सांगायला मी आत्याला घेऊनच हरसूलला गेले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"आईचं उष्टी काढणं सुटावं म्हणून मी शिकलो," ते म्हणाले. "आणि तू ताटं उचलायची डिग्री घेणार?"

आई चुलीपाशी होती. "हाटेलात कुठले कुठले लोक येत्यात. मला नाय पटत," ती म्हणाली.

"दादा, आपल्या आईला कुणी विचारलं नव्हतं," आत्या म्हणाली. "हिला आपण विचारतोय."

"विचारलं म्हणून ताट बदलतं का?" आप्पा म्हणाले.

मी एवढंच म्हटलं, "आप्पा, मला तिथं बसवत नाही." त्यांनी अंगणाकडे मान वळवली. मग म्हणाले, "मग उभी राहा. पण पुरती उभी राहा."

मी कोर्स बदलला, पुरा केला, आणि आता नाशिकमध्येच एका मोठ्या हॉटेलात रेस्टॉरंट सांभाळते. लग्नाची वऱ्हाडं, वायनरी बघायला आलेले मुंबईकर, कंपन्यांच्या मीटिंगा. सगळ्यांचे सण असतात तेव्हा आमची धावपळ. भरलेला हॉल एका नजरेत दिसतो, कुठे काय अडलंय ते कळतं, आणि ते मला फार आवडतं. तरी रजेच्या दिवशी मी मोबाईलवर दुसऱ्या शहरांतल्या नोकऱ्या बघत असते. बीबीएच्या मैत्रिणी ऑफिसांत रुळल्या. मी मात्र कामात रुळले की अस्वस्थ होते.

मध्यंतरी एका वयस्कर पाहुण्यांना मी पाणी दिलं. त्यांनी सहज विचारलं, "गाव कुठलं? आडनाव काय?" मी सांगितलं. ते प्यायले, "छान" म्हणाले, बायकोशी बोलायला लागले. मी मात्र ग्लास रिकामा होईपर्यंत तिथून हलले नाही. शेजारचं टेबल हाका मारत होतं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या खेपेला हरसूलला गेले तेव्हा ओट्यावर आप्पांना सांगितलं.

"प्यायले ना?" त्यांनी विचारलं.

"प्यायले."

"मग तू कशाला थांबलीस?"

मग तेच म्हणाले, "शाळेतल्या पोरांच्या घरी गेलो की चहा देतात. गुरुजी गुरुजी करतात. पण माझा कप उचलून कुठं ठेवतात, ते मी अजून बघतो. इतकी वर्षं झाली नोकरीला."

आईने आतून जेवायला हाक मारली. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.

गोव्यातल्या एका हॉटेलात मुलाखत देऊन आले आहे. बोलावलं तर जाईन, तिथेही खोली मिळेल, माणसं मिळतील. कदाचित तिथूनही पुढे जाईन. घराचं विचाराल तर ते मला आता गावात किंवा फ्लॅटमध्ये सापडत नाही. मी ग्लासापाशी का थांबले, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही, तो माणूस जिथे बसला असेल, ते माझं घर.