साडेआठचं माप

बाळू गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या हातात पावसाचं पाणी मोजायची काचेची नळी होती. भाचा रडत होता. "आत्या, बाबा गेले..." मी आधी पाणी मोजलं, आकडा वहीत लिहिला, मग पायरीवर बसले. महिना झाला, अजून नीट रडू आलेलं नाही.

बाळू माझा धाकटा भाऊ, कोल्हापुरात हवामानाचा प्राध्यापक. त्याला सांभाळायला म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. तो पीएच.डी. करायला लागला तेव्हा चंदगडला आमच्या परसात त्यानं पर्जन्यमापक बसवला. नवरा गेल्यापासून मी माहेरीच होते. "आक्का, रोज साडेआठला माप घ्यायचं. डोळा पाण्याच्या रेषेत धर, वरनं बघितलं की चुकतंय." एवढंच शिकवलं त्यानं. पुढे तीस पावसाळे मी माप घेतलं, अंगात ताप असला तरी. आई गेली त्या सकाळी फोन केला, तर तो म्हणाला, "आक्का, माप घेतलंस न्हवं?" घेतलं होतं.

सुट्टीत येऊन तो वहीतले आकडे उतरून न्यायचा. त्याच आकड्यांवर तो डॉक्टर झाला, विभागप्रमुख झाला, परदेशात भाषणं करून आला. त्याचं मराठी पुस्तक आलं तेव्हा मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. पहिल्याच पानावर छापलं होतं, सर्व नोंदी लेखकाने स्वतः घेतल्या आहेत. तो गावी आल्यावर मी विचारलं, "बाळू, ह्यात माझं नाव कुठं हाय?" तो हसला. "अगं, पाणी मोजायला काय लागतंय? त्याचा अर्थ लावायला अक्कल लागती." मी उठून चहा टाकला. साखर घातली नाही. त्यानं तो तसाच प्याला.

कोल्हापुरात शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत बसले होते. त्याची विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक, डोळे पुसत सांगत होती, सर तीस वर्षं चंदगडच्या पावसात उभे राहून माप घ्यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर तीच माझ्याजवळ आली.

"आत्या, सरांच्या वह्या तुमच्याकडं हाईत म्हणं. विभागात काचेच्या कपाटात ठेवायच्या हाईत."

"सरांच्या वह्या माझ्याकडं न्हाईत."

"मग त्या पावसाच्या?"

"त्या माझ्या हाईत."

तिला काही कळेना. "पण आत्या, त्याशिवाय सरांचं पुढचं काम अडलंय की."

"अडंल कशानं, बाई? अक्कल हाय की तुमच्याजवळ. पाणी मोजायला काय लागतंय?"

चारचौघांत एवढं मी जन्मात बोलले नव्हते. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

आजही साडेआठला परसात गेले. नळी डोळ्यासमोर धरली, रेष बघितली. नव्या वहीवर पहिल्यांदाच माझं नाव घातलंय, सुमन. आकडा लिहिला आणि वही ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. काल पाऊस चांगला झाला, बाळू. किती, ते मात्र कोल्हापुरात कुणालाच कळणार नाही.