अभीष्टचिंतनाचा फ्लेक्स

धाराशिवात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स असं सगळं मी कॉम्प्युटरवर करून देते. छपाई दुसरीकडं होते. गेल्या दोनेक वर्षांत कामाची तऱ्हाच पालटली. लोक आता मोबाइलवर एआयकडून चित्र काढूनच आणतात आणि म्हणतात, "ताई, तेवढी अक्षरं नीट करून द्या." चित्र झकपक असतं. अक्षरं मात्र जोडाक्षर आलं की मोडतात. 'श्री'ला दोन शेपट्या, 'ष्ट'च्या जागी कसली तरी गाठ. ती पुसून नवीन लिहायची तर मागचा रंग, सावली, सोनेरी चकाकी सगळं हातानं जुळवावं लागतं. एका शब्दाला अर्धा दिवस जातो. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं.

मागच्या हिवाळ्यात माझे गुरुजी दुकानात आले. सोबत त्यांचा मुलगा होता. ढोकीकडच्या आमच्या शाळेत गुरुजींनी मला तीन वर्षं मराठी शिकवलं. 'आशीर्वाद'मधली वेलांटी मी ऱ्हस्व काढली, म्हणून त्यांनी भर वर्गात माझ्या हातावर पट्टी मारली होती आणि तो शब्द शंभरदा लिहून आणायला लावला होता. आई चिडली. मला मात्र राग आला नाही. एवढ्याशा वेलांटीसाठी मोठं माणूस इतकं पेटतं, म्हणजे तिच्यात काहीतरी असणार, असं वाटलं होतं. मी अक्षरांच्या धंद्यात आले ती गुरुजींमुळं, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची.

गुरुजींना पंचाहत्तरावं लागलं होतं. मुलानं मोबाइल पुढं केला. राजवाड्यासमोर फेटा बांधून उभे गुरुजी, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. खाली सोनेरी अक्षरांत 'अमुतमहोस्तव' आणि त्याखाली 'अभिटचितंन'.

"गुरुजी, तुमच्याच फ्लेक्सवर?" मी हसून म्हणाले.

"म्हणून तर तुझ्याकडं आलो," ते म्हणाले. मला भरून आलं.

हातातली दोन कामं बाजूला ठेवून मी ती अक्षरं केली. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "ताई, बाबांला फेट्याचा रंग आवडला न्हाय. मी नवीन काढलंय, त्यातली तेवढी करा." नवीन चित्रात आधीची एक चूक सुधारली होती आणि दुसऱ्या चार झाल्या होत्या. तीही केली. मग मुलानं तिसरं पाठवलं. त्यात मागं मोर आले होते. तेव्हा मी दोघांनाही दुकानात बोलावलं.

"गुरुजी, चित्र एकदाचं ठरवा. नाहीतर मी सगळंच नव्यानं करून देते, तुमच्या खऱ्या फोटोवर."

गुरुजींनी मोराकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे पोरी. हाय तसंच छापू. लोकांला कळतंय की."

"तुम्ही मला 'आशीर्वाद' शंभरदा लिहायला लावला होता."

"म्या? कशापायी?"

"वेलांटी चुकली म्हणून."

ते मोकळं हसले. "अगं, तवा साहेब तपासणीला यायचे. पोरांच्या वह्या काढून बघायचे. आमालाच भ्या असायचं त्यांचं."

मुलगाही हसला. मी कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं. तरी त्या रात्री मी तिसऱ्या चित्राचीही अक्षरं नीट करून पाठवली. उत्तर म्हणून एक अंगठा आला.

कार्यक्रमाला गेले तर दारातच फ्लेक्स होता. मोर होते, 'अमृतमहत्सोव' होता. माझी फाइल कुणी उघडलीच नव्हती. जुने विद्यार्थी त्याखाली उभं राहून फोटो काढत होते. त्यांतले दोघं आता स्वतः शिक्षक आहेत. एकानंही वर बघून तोंड वाकडं केलं नाही. स्टेजवर गुरुजींनी मला उभं केलं. म्हणाले, "हिला म्या घडवली. शुद्धलेखनात आपण कधी तडजोड केली न्हाय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, स्टेजवर दुसरं काय करणार?

त्यानंतर मी गुरुजींचं नाव दुकानात काढलेलं नाही. चित्रं येतच राहतात. लोहाऱ्याकडच्या एका दूध डेअरीचा लोगो, कुणाच्या बारशाचं कार्ड. दिवसभर मोडकी अक्षरं बघून मी घरी जाते.

परवा एका शाळेची गॅदरिंगची पत्रिका टाइप करत होते. 'दीपप्रज्वलन' लिहिताना हात थांबला. ज एक की दोन? हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केलेला आहे. समोर उभे असलेले मास्तर म्हणाले, "कसं बी टाका, ताई. चालतंय."

त्यांना बसायला सांगून मी कपाटातला शब्दकोश काढला. इतकी वर्षं तो नुसता पडून होता, त्यावर धूळ होती. एकच ज होता. आजवर मी बरोबरच लिहिलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं.