डोंगरावर बोलायचं नाही ते

लंकेतल्या आमच्या श्रीपादाच्या डोंगरावर एक रीत आहे. दमलो म्हणायचं नाही, आणि अजून किती राहिलं हे विचारायचं नाही. पहिल्यांदा चढणाऱ्याला तर हे खाली ओढ्यात हातपाय धुतानाच बजावतात. वाटेत कुणी भेटलं की 'करुणावयि' म्हणायचं, म्हणजे दया असो, आणि पुढची पायरी चढायची. माझं चहाचं दुकान अर्ध्याहून वर आहे. तोंडाला फेस आलेली माणसं इथे दया मागतात, पण बसायला जागा मागत नाहीत. पूर्वी मला हसू यायचं, हल्ली चीड येते.

उक्कुबंडा इथला हमाल. यात्रेचे एकतीस हंगाम त्याने वरच्या दुकानांना पीठ, साखर, गॅसच्या टाक्या पाठीवरून पोचवल्या. जगभरातून लोक इथला सूर्योदय बघायला येतात, ढगांवर पडलेल्या डोंगराच्या तिकोनी सावलीचे फोटो काढतात. उक्कुबंडाला विचाराल तर तो कुठल्या पायरीची कड फुटलीय तेवढं सांगेल. ओझ्याखाली मान वर होत नाही.

त्याची बायको टिकिरी मेनिके जन्मभर पायथ्याच्या गावात राहिली, पण डोंगर कधी चढली नव्हती. हंगामात नवऱ्याला उसंत नाही आणि हंगाम संपला की धो धो पाऊस. 'पुढच्या वर्षी नेतो' हे तिने एकतीस वेळा ऐकलं. यंदा डॉक्टरांनी तिच्या हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं आणि चढ कायमचा विसरायला लावला. तेव्हा ती हट्टाला पेटली. एकदा शिखरावरच्या श्रीपादाला, बुद्धाच्या पाऊलखुणेला, डोकं टेकवायचंच, आणि तेही याच हंगामात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पांढऱ्या कपड्यांतली ती दोघं माझ्या दुकानापाशी आली. तो दहा पायऱ्या पुढे, मागे न बघता, हमालाच्या चालीने. इथे नवखी माणसं झुडपात सुई खोचतात आणि तिचा दोरा सोडत वर जातात. टिकिरी अक्काने सुई खोचली, रीळ हातात घेतलं, वीसेक पायऱ्या चढली आणि मटकन खाली बसली. ओठ निळे पडले होते.

मी पाणी घेऊन धावलो. उक्कुबंडा वरून मागे धावत आला. मागे वळून तरी बघायचं होतंस, म्हणून मी त्याला झापलं. तो पुटपुटला की ती एका शब्दाने काही बोलली नाही, त्याला वाटलं तिला झेपतंय. बायकोने रीत पाळली आणि या शहाण्याला तीच ताकद वाटली.

मग त्याने तिच्यापुढे उकिडवं बसून पाठ केली.

"चढ पाठीवर. टाकीपेक्षा हलकी आहेस."

"मी काय साखरेचं पोतं आहे?" ती म्हणाली, पण तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. शिखर तिला अजून हवंच होतं.

तो अर्धा उठला. गुडघा लटपटला. परत जोर लावला, आणि दोघंही पायरीवर कोसळली. रीळ घरंगळत खाली गेलं.

"मला होत नाही गं," उक्कुबंडा म्हणाला. सगळ्या वाटेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

चढणारी माणसं थबकली. एका म्हातारीने घाईघाईने हात जोडले.

टिकिरी अक्का मात्र त्याच्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. दोन्ही गुडघे गेलेत. डोंगरावर बोलायचं नसतं."

"आणि घरी?" ती म्हणाली. "घरी कुणी बंदी केली होती तुम्हाला?"

तिला रडू फुटलं. ते शिखरासाठी होतं की या तीन वर्षांसाठी, मला सांगता येणार नाही. मी गुळाच्या खड्यासोबत कोरा चहा दिला. तो निवेपर्यंत दोघांनी नुसताच हातात धरला.

वर काही ती गेली नाहीत. एकमेकांना धरून उतरायला लागली. वळणापर्यंत मला उक्कुबंडाचा आवाज येत होता. इथे दुखतं, इथे जरा थांबू, म्हणत होता.