लाल खुणेचे तारे

ओझरच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तपासणीचं काम करतो आहे. ड्रॉइंगमधलं माप आणि हातातल्या भागाचं माप यांत ठरल्यापेक्षा जास्त फरक दिसला, की त्या भागावर लाल खूण करायची आणि तो बाजूला ठेवायचा. ही सवय घरीही सुटत नाही. बायको मला भाजी आणायला पाठवत नाही, कारण मी अर्धी मंडई बाद करून परत येतो.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी महिनाभर गंगापूर रोडला घरी राहिली. ती पीएचडी करते. विषय जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, जे इथून एकच दिसतात. लाखो ताऱ्यांच्या नोंदींतून असे तारे शोधणारा प्रोग्राम लिहायला तिला दोन वर्षं लागली होती. तो बरोबर शोधतो का, याची आता तिला धास्ती होती. चुकत असला तर दोन वर्षं पाण्यात. ताटातलं निम्मं ती तसंच ठेवून उठायची.

चारशे नोंदी छापून दे, मी तपासतो, असं मी म्हटलं. तिला हसू आलं, पण दिल्या. एकेका ओळीत एकेक तारा: हिशेबाने कुठे असायला हवा आणि दर वेळी प्रत्यक्षात कुठे दिसला. प्रोग्रामचं उत्तर तिने छापलं नव्हतं.

तीन दिवस पट्टी लावून मी ओळ न ओळ पाहिली. एकतीस ठिकाणी फरक फारच होता. तिथे लाल खुणा केल्या आणि तिला जड मनाने सांगितलं, की एवढ्या नोंदी खराब आहेत.

ती लॅपटॉपवर एकेक खूण ताडून पाहू लागली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बाद केलेत तेच माझे तारे आहेत."

एकटा तारा हिशेबाप्रमाणे सरकतो, तिने समजावलं. जोडीदार असला तर तो ओढतो, म्हणून माप जमत नाही. प्रोग्रामने त्या चारशेंतून तीस निवडले होते आणि तीसही माझ्या खुणांत होते.

"आणि एकतिसावा?" मी विचारलं.

तिथे मी दशांशचिन्ह एक घर सरकवून वाचलं होतं. कारखान्यात चूक दुरुस्त करताना एक रेघ मारून शेजारी सही करतात, तशी केली.

"तारीखही घाला," बायको म्हणाली. "असा दिवस पुन्हा यायचा नाही."

मुलीने त्या दुपारी दोनदा भात मागून घेतला.