मुरुडचा हिरवा ठिपका

"पाली? आहे. लोटे? आहे. मुरुड?"

रोज सकाळी पडद्यावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवून आमचे साहेब अशी हजेरी घेत. आमच्या रत्नागिरीच्या पतसंस्थेतील सर्व शाखांची यंत्रे चालू आहेत की नाहीत, हे दाखवणारे पान त्यांनी स्वतः तयार केले होते. यंत्र चालू असले की ठिपका हिरवा, नसले की लाल. शाळेतली नोकरी सोडून मी त्यांच्या हाताखाली आले, म्हणून मला ते "बाई" म्हणत.

मुरुडला आमची शाखा नव्हती. तिथे त्यांचे घर होते, आणि घरी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्या. वहिनींना ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता; आणि वाडी सोडून इकडे यायला त्या तयार नव्हत्या. रात्री बंद केलेल्या इंटरनेटच्या डबीचे बटण त्या उठल्यावर दाबत, की इथे ठिपका हिरवा होई.

"उठली हो!" मगच ते चहाला हात लावत. उशीर झाला, तर चहा निवून जाई. "काल सुपाऱ्या सोलीत बसली असेल. सांगून ऐकत नाही." आणि स्वतःच हसत, "ऐकणार कशी म्हणा!"

त्या पानावर एक चौकट होती. तीत यंत्राचा पत्ता लिहिला, की पान त्या यंत्राला हाक मारून येई. संगणकांची सुरक्षा तपासायला बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी पत्त्यापुढे अर्धविराम दिला आणि एक आज्ञा लिहिली. पानाने हाक मारली आणि मागोमाग आमच्या फायलींची यादीही निमूटपणे समोर ठेवली.

काय घडले, ते नीट पाहू. आपण शिपायाला चिठ्ठी देतो, "पालीला जाऊन दिवे चालू आहेत का पाहा." तिच्याखाली परक्याने लिहिले, "येताना तिजोरीची किल्ली आण," आणि शिपायाने ती आणली, तर? पत्ता कुठे संपतो आणि हुकूम कुठे सुरू होतो, हे त्या पानाला कोणी शिकवलेच नव्हते.

"पण बाई, आपलीच माणसं लिहिणार ना त्यात?" त्यांच्या मुरुडच्या घराला दिवसा कडी नसे. पानालाही त्यांनी ती लावली नव्हती.

"पत्त्याखेरीज काही स्वीकारायचे नाही, एवढी दुरुस्ती करू," मी म्हटले.

"ही एक दिसली. न दिसलेल्या किती असतील? लोकांच्या ठेवी आहेत, बाई." आणि त्यांनीच ते पान बंद केले.

विकत घेतलेल्या नव्या पानावर फक्त शाखा होत्या. मुरुड घालू का, असे मी विचारले.

"नको. ते पान माझं होतं, म्हणून घर घातलं. हे संस्थेचं."

हजेरी चालूच राहिली. "पाली? आहे. लोटे? आहे." मग बोट रिकाम्या कोपऱ्याकडे जाई आणि तिथेच थांबे. चहा रोज निवू लागला.

पुढच्याच वर्षी ते गेले, हृदयविकाराने, पडद्यासमोरच्या खुर्चीतच. वहिनींना भेटायला म्हणून मी मुरुडला गेले आणि रात्री तिथेच राहिले. सकाळी वहिनी उठल्या. पदराने डबी पुसून त्यांनी बटण दाबले.

"हे लावलं की ह्यांना कळतं, मी उठले," त्या मोठ्याने म्हणाल्या.

पान बंद केल्याचे साहेबांनी घरी सांगितलेच नव्हते. मी नुसती मान हलवली.

डबीवरचा दिवा हिरवा झाला. वहिनी त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हळूच बटण बंद केले.