डावीकडची सीट

"हे बाईनं काढलंय, बरं का."

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा वायपर दोन बोटांनी उचलून काकू हे वाक्य टाकायच्या आणि वायपर काचेवर सोडून द्यायच्या. टक् असा आवाज व्हायचा. नवीन पोरं बावरून माझ्याकडे बघायची आणि मी आभाळाकडे. पुढचा अर्धा तास आता क्लच-गिअरचा नाही, हे मला कळून चुकलेलं असायचं.

माझं ड्रायव्हिंग स्कूल धारूरला आणि काकूंचं घर अगदी समोर. शेतीवाडी भरपूर, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याची जुनी पांढरी अँबॅसिडर मात्र होती आणि ती काकू स्वतः चालवायच्या. सत्तरी उलटलेली बाई, डोक्यावरून पदर आणि हातात ते भलंमोठं स्टिअरिंग. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हीही कडेला थांबला असता. सगळं गाव थांबायचं. थोडं आदरानं, बरंचसं जिवाच्या भीतीनं.

मोबाईलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा त्यांना भारी नाद. संध्याकाळी माझ्याकडे खुर्ची ओढून बसल्या की सुरू. अमेरिकेतली एक बाई ट्राममधून चालली होती, बर्फ पडत होता, ड्रायव्हर बिचारा सारखी खिडकी उघडून काच साफ करत होता. ते बघून बाईनं वायपर शोधून काढला. "आन कंपनीवाले काय म्हनले, ठाव हाय का? ह्याचा काय उपेग न्हाई म्हनले. आता चालवा बरं पावसात बिनवायपरची." आरशाचंही तसंच. शर्यतीत गाडी पळवणाऱ्या एका बाईनं लिहून ठेवलं होतं की, गाडीत हातातला आरसा ठेवावा, मधूनमधून वर धरला की मागचं दिसतं. "बाई आरशात बघती म्हनून हसता न्हवं? घ्या मग."

सगळ्यात लाडकी गोष्ट मोटार बनवणाऱ्या एका जर्मन माणसाच्या बायकोची. गाडी तयार होती, पण लांब न्यायला नवऱ्याचा धीर होईना. तर ही बाई पहाटे दोन पोरं घेऊन, नवऱ्याला न सांगता, गाडी काढून थेट माहेरी गेली. वाटेत इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. "ब्रेकला अस्तर तवापासून," काकू सांगायच्या. "माहेरच्या वढीनं आलेलं हाय ते."

एकदा एका पोरानं विचारलं, "काकू, मंग चाक बी बाईनंच काढलं का?"

"जातं कोन फिरवायचं रे तुज्या घरात?" काकू म्हणाल्या.

खरं सांगतो, मला वैताग यायचा. माझी पोरं आरटीओच्या परीक्षेत साध्या खुणा चुकायची आणि डॅशबोर्ड म्हणजे मुळात घोड्याच्या टापांचा चिखल अडवायची बग्गीची फळी, हे मात्र साहेबाला ऐकवून यायची. पण काकू दोन दिवस दिसल्या नाहीत की मीच समोर जाऊन विचारायचो, बरं आहे ना म्हणून.

एका वर्षी उन्हाळ्यात काकूंनी गाडी मागे घेताना फाटकाचा खांब पाडला. त्यांचा पुतण्या राजकारणातला, चारचौघांत वावरणारा माणूस. जीव होता त्याचा चुलतीवर, पण बोलणं फटकळ. "आज खांब हाय, उद्या मानूस आसंल," तो म्हणाला आणि चावी मागू लागला. काकू चावी कमरेला लावून फिरू लागल्या. दोघांचं बोलणं तुटलं. जेवायला एका पंगतीत बसेनात.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा होते. काकूंच्या गाडीची पहिली फेरी दर वर्षी नारायणगडाला, देवदर्शनाला असायची आणि पूजेचा नारळ गडावरच फोडायचा, अशी घरची रीत. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, तेवढ्यात पुतण्यानं मला हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, आज मास्तर संगं येतेत. मास्तरनी चांगली चालिवली म्हनून सांगितलं, तर मी परत इषय काढनार न्हाई. न्हाई म्हनले, तर चावी माज्याकडं."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर खोटं बोलायचे न्हाईत. कबूल." पुतण्यानं नारळ उचलला, चालकाच्या सीटपुढं खाली, नैवेद्याच्या पिशवीला टेकवून ठेवला आणि बाजूला झाला.

गाव मागं पडलं. मी डावीकडे बसून त्यांचे हात बघत होतो आणि मी बघतोय हे त्यांना कळत होतं. हात झकास होते. गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसा पडत होता. मी मनातल्या मनात पास करून टाकलं आणि हायसं वाटलं.

मग धारूरचा घाट लागला. रस्ता अरुंद आणि उताराचा, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पुढं ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. भांडीकुंडी, गाठोडी, शेरडं आणि त्यांच्यावर बाया-पोरं बसलेली. वळणावर गाडी कलली, पिशवी आडवी झाली आणि नारळ गडगडत गेला. काकूंनी ब्रेक दाबला. पायडल खाली जाईना.

"मास्तर, ब्रेक लागंना."

मी वाकून बघितलं. नारळ ब्रेकखाली अडकला होता आणि वरून काकूंचा पाय त्याला दाबून धरत होता.

"नारळ हाय काकू! पाय उचला!"

"उचललाय की."

उचलला नव्हता. पाय तसाच पायडलवर होता, सगळा भार देऊन.

"काकू, पाय!"

"आरं उचललाय म्हनते ना!"

त्यांनी गिअर खाली टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडीला हिसका बसला. उजव्या हातानं दाराकडचा हँडब्रेक त्या थोडा थोडा ओढत होत्या, डाव्यानं स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला धरून. ट्रॉलीतली एक बाई लेकराला छातीशी धरून उभी राहिली. मी स्टिअरिंगखाली घुसलो, दोन्ही हातांनी काकूंचा घोटा धरून पाय उचलला, शेंडीला धरून नारळ उपसला आणि तोच पाय परत पायडलवर दाबला. गाडी थांबली. ट्रॉली पुढं निघून गेली.

मी नारळ मागच्या सीटवर टाकला आणि म्हणालो, "नारळामुळं झालं काकू. कुनाचाबी ब्रेक लागला नसता. तुमी तर कमाल केली. मी त्येंना हेच सांगनार." आणि ते खोटं नव्हतं. तसा उतार तसा सांभाळणारे माझ्या बघण्यात दुसरे नाहीत.

काकू आपल्या पायाकडे बघत होत्या. परका पाय कुणी आणून ठेवलाय, तसं.

"नारळ तू काढलास, ते ठीक हाय मास्तर," त्या म्हणाल्या. "पाय बी तूच उचललास न्हवं?"

काकूंना साखरेचा आजार आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाय इतका बधिर झालाय, हे बहुतेक त्यांनाही त्या घाटातच कळलं.

"मी कुनाला बोलनार न्हाई," मी म्हणालो.

"मी बोलते की." त्या दार उघडून उतरल्या. बॉनेटला हात लावत लावत गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडं. गडाला जायला उशीर हुतोय."

संध्याकाळी वाड्यापुढं गाडी थांबली, तेव्हा पुतण्या वाट बघत उभा होता. त्यानं विचारायच्या आत काकूंनी चावी त्याच्या हातात दिली. "माजा पाय गेलाय," एवढंच म्हणाल्या. त्यानं ठेवलेला नारळच ब्रेकखाली गेला होता, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. त्या जाऊन आता वर्ष झालं. पुतण्याला मीही सांगितलेलं नाही.

मला मात्र त्या घाटाचा उरलेला उतार आठवत राहतो. स्टिअरिंगवर मी होतो. काकू पहिल्यांदाच माझ्या डावीकडे, हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसल्या होत्या. वळण जवळ आलं की त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. त्याचा त्यांना पत्ता नव्हता. तो पाय हलला की मी ब्रेक लावत होतो. घाट उतरेपर्यंत मी रस्त्याकडे फारसं बघितलंच नाही.